पावसाळ्यात क्लबहाऊसची एक खोली फुटबॉल गेमसाठी द्या : नवी मुंबईतील सोसायट्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापन समिती सदस्य,
नवी मुंबईतील सर्व सहकारी गृहनिर्माण संस्था

सप्रेम नमस्कार.

जून ते सप्टेंबर नवी मुंबईतली मैदानं मुलांच्या उपयोगाची राहत नाहीत. सेक्टरमधल्या मोकळ्या प्लॉटवर चिखल असतो, उद्यानात पाणी साचतं, आणि टर्फला, म्हणजे कृत्रिम गवताच्या भाड्याच्या मैदानाला, तासाचे पैसे मोजावे लागतात. संध्याकाळचे टर्फचे तास तर मोठ्यांनीच आधी धरून ठेवलेले असतात. सोसायटीच्या आवारात चेंडू आणायला बहुतेक ठिकाणी मनाई आहे. गाड्यांच्या आणि तळमजल्याच्या काचा बघता ती समजण्यासारखीही आहे. मग मुलं जिन्यात नाहीतर लॉबीत बसतात, प्रत्येक जण आपापल्या मोबाईलमध्ये. त्याच वेळी क्लबहाऊसची खोली कुलपात असते. समितीची मीटिंग, एखादं बारसं, एवढ्यापुरती ती उघडते.

या खोलीत एक टीव्ही, एक कन्सोल (टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र) आणि चार कंट्रोलर (हातात धरून खेळायची बटणांची साधनं) ठेवून फुटबॉलचा व्हिडिओ गेम सुरू करावा, अशी आमची विनंती आहे. आम्ही मुलांना फुटबॉल शिकवणारे आणि हे गेम स्वतः खेळणारे रहिवासी आहोत. पोरं एका जागी शांत बसतील, हे आमचं कारण नाही. हा गेम नीट लावून दिला तर तो फुटबॉलमधली एक गोष्ट फार चांगली शिकवतो, आणि नेमकी तीच गोष्ट आपल्या शहरातल्या मुलांना शिकायला मिळेनाशी झाली आहे. ती म्हणजे अकरा जणांचा खेळ.

नियमाप्रमाणे पूर्ण मैदान ९० ते १२० मीटर लांब आणि ४५ ते ९० मीटर रुंद असतं. वाशी, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली, कुठल्याही नोडमधलं टर्फ घ्या, ते याच्या जवळपासही जात नाही. तिथे पाच-सहा जणांचा संघ असतो. बाजूच्या जाळीला लागून चेंडू परत येतो, म्हणून थ्रो-इन नाही. ऑफसाइड, म्हणजे पास येण्याआधीच बचावपटूंच्या पलीकडे जाऊन उभं राहण्याला असलेली मनाई, नाही. गोल छोटा, त्यामुळे कुठूनही जोरात मारला तरी चालतं. टर्फवर पाय तयार होतात, चेंडूवर ताबा येतो, हे खरंच आहे. पण तीन-चार वर्षं फक्त टर्फवर खेळलेला मुलगा शाळेच्या संघातून सुब्रतो कप या आंतरशालेय स्पर्धेच्या निवड फेरीला मोठ्या मैदानावर उतरला की गडबडतो. पुढे जाऊन उभा राहतो आणि सहाय्यक पंचाचा झेंडा पुन्हा पुन्हा वर जातो. विंगची, म्हणजे मैदानाच्या कडेची, जागा रिकामी पडलेली असते आणि सगळे मधे गर्दी करतात. तो कमी पडतो असं नाही. त्याने तो खेळ कधी बघितलेलाच नसतो.

आपल्याच शहरात नेरुळला डी. वाय. पाटील स्टेडियम आहे. २५ ऑक्टोबर २०१७ रोजी १७ वर्षांखालील विश्वचषकाची माली विरुद्ध स्पेन ही उपांत्य लढत तिथे झाली. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी मुलींच्या १७ वर्षांखालील विश्वचषकाचा अंतिम सामना तिथेच झाला, स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवलं. इतकं चांगलं मैदान जवळ आहे, पण आपल्या मुलांच्या वाट्याला त्याची प्रेक्षक गॅलरीच येते.

व्हिडिओ गेममध्ये मुलाला पूर्ण मैदान मिळतं, दोन्हीकडचे बावीस खेळाडू मिळतात आणि वरून दिसणारं दृश्य मिळतं. पडद्याच्या खालच्या भागात रडार, म्हणजे मैदानाचा छोटा नकाशा असतो, त्यात सगळे खेळाडू ठिपक्यांसारखे दिसतात. ऑफसाइडचा नियम फळ्यावर काढून दाखवला तर मुलं मान डोलावतात आणि विसरतात. गेममध्ये थ्रू बॉल, म्हणजे बचावपटूंच्या मधून पुढे दिलेला पास, अर्धा सेकंद उशिरा सोडला की झेंडा वर जातो, रीप्लेमध्ये रेषा दिसते, आणि प्रतिस्पर्ध्यांचा शेवटून दुसरा खेळाडू म्हणजे कोण हे समजतं. स्वतःच्या अर्ध्या भागात असताना ऑफसाइड होत नाही, थ्रो-इन, गोल किक आणि कॉर्नरवरून थेट मिळालेल्या चेंडूलाही होत नाही, हे अपवाद मुलं आठवडाभरात तोंडपाठ सांगायला लागतात.

बचावाचंही तसंच. नवशिका मूल प्रतिस्पर्ध्यावर दबाव टाकण्याचं बटण सतत धरून ठेवतं आणि मधला बचावपटू चेंडूमागे धावत सुटतो. त्याच्या मागे जी जागा सुटते तिथूनच गोल होतो. दहा गोल खाल्ल्यावर आपण जागा सोडली म्हणून गोल झाला, हे कुणी न सांगता कळतं. मग ते प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवरचं एल टू बटण धरून समोर उभं राहायला शिकतं, पासची वाट अडवायला शिकतं. मैदानावर प्रशिक्षक घसा कोरडा करून हेच सांगत असतो. धावण्याचंही बघा. आर टू हे धावण्याचं बटण सतत दाबून ठेवलं तर खेळाडू लवकर थकतो, चेंडू पायापासून लांब जातो आणि वळायला जास्त जागा लागते. खऱ्या खेळातही वेग वाढवला की हेच होतं.

हे सगळं आपोआप मात्र होत नाही. पेटीतून काढून तसाच लावलेला गेम मुलांना फक्त गोल मारायला शिकवतो, म्हणून सेटिंगबद्दल जरा सविस्तर लिहितो.

गेममधल्या कॅमेऱ्याच्या पर्यायांपैकी टेली किंवा को-ऑप ठेवा. उंचीची पट्टी जास्तीकडे आणि झूमची कमीकडे सरकवा, म्हणजे चेंडू ज्या बाजूला नाही तिकडचा विंगरही पडद्यावर दिसेल. खेळाडू लहान दिसतात अशी मुलं सुरुवातीला तक्रार करतील, दोन दिवसांत सवय होते. रडार बंद करू नका. पासचं साहाय्य पहिले दोन आठवडे पूर्ण ठेवा, कारण बटणं ओळखीची होण्याआधी पास चुकत राहिले तर मूल कंटाळतं. त्यानंतर ते अर्ध्यावर आणा. पूर्ण साहाय्य असताना ढोबळ दिशा दाखवली तरी चेंडू सहकाऱ्याकडे जातो. ते कमी केलं की दिशा आणि जोर दोन्ही स्वतः ठरवावे लागतात, आणि मग मूल पास देण्याआधी बघायला लागतं. आपोआप खेळाडू बदलण्याची सोयही याच वेळी कमी करा. एल वन दाबून आपला खेळाडू आपणच निवडायचा, म्हणजे चेंडू सोडून इतरत्र लक्ष ठेवावं लागतं.

एक हाफ सहा मिनिटांचा ठेवा. दोन हाफ, थांबे, संघनिवड धरून सामना पंधरा मिनिटांत संपतो, तासाला चार सामने होतात. प्रत्येक सामन्यात चार कंट्रोलरवर दोघं विरुद्ध दोघं खेळवले, तर एका टीव्हीवर तासाभरात सोळा मुलांना पाळी मिळते. एकास एक खेळवू नका. या मांडणीतला सर्वांत मोठा फायदा जोडीत आहे. जोडीत खेळताना एकाकडे चेंडू असतो आणि दुसरा पळत असतो, म्हणून पास मागावा लागतो, ‘मागे बघ’, ‘थांब, मी येतोय’ असं बोलावं लागतं. आपल्या मुलांच्या मैदानावरच्या खेळात सर्वांत कमी काही असेल तर ते हे बोलणं. जोड्या दर आठवड्याला बदला आणि मोठ्यासोबत लहान द्या.

जिंकणारा बसून राहील, हरणारा उठेल, ही गेमिंग पार्लरमधली पद्धत कृपा करून आणू नका. तिच्यामुळे चांगलं खेळणारे दोघं-तिघं दोन तास बसतात, आणि ज्याला शिकायची सर्वांत जास्त गरज आहे तो पंधरा मिनिटांत बाहेर जातो. दोन-चार दिवसांत तो यायचाच बंद होतो. भिंतीवर पाळीचा कागद लावा. फरक फार असेल तर संघाचे तारे वापरा. गेममध्ये प्रत्येक संघाला अर्ध्यापासून पाचपर्यंत तारे असतात. पटाईत जोडीला तीन ताऱ्यांचा संघ द्यायचा, नवख्यांना पाचचा. २०२१ साली आलेल्या ‘फिफा २२’मध्ये इंडियन सुपर लीगही आहे, त्यामुळे तो गेम मिळाला तर मुंबई सिटी घेऊन खेळता येतं. त्यातला संघ युरोपातल्या संघांपेक्षा हळू आहे, आणि शिकणाऱ्यासाठी ते चांगलंच आहे.

आठवड्यातून एक तास मात्र शिकवणीचा ठेवा. सोसायटीत फुटबॉल खेळलेला एखादा दादा किंवा ताई असतेच. सामना चालू असताना मधेच पॉज करायचं आणि कोण मोकळा आहे, कुठल्या बाजूला जागा आहे, हे बाहेर बसलेल्यांना विचारायचं. गोल झाला की रीप्ले मागे नेऊन चूक नेमकी कुठे सुरू झाली ते शोधायचं. बहुतेक वेळा ती गोलच्या तीन-चार पास आधी सापडते. दोन साधे नियम लावून बघा. पहिल्या हाफमध्ये धावण्याचं बटण बंद, आणि गोलवर मारण्याआधी किमान तीन पास. खेळ एकदम बदलतो. पाऊस उघडला की हीच मुलं खाली उतरवा, आठ मीटरच्या चौकोनात चौघं पास देणारे आणि मधे एक हिसकावणारा, दहा मिनिटं. पडद्यावर दिसलेला पासचा त्रिकोण पायाला तिथे कळतो. हे जोडलं नाही तर गेममधलं शहाणपण गेममध्येच राहील.

आता सामानाकडे येऊ, कारण खजिनदारांचा पहिला प्रश्न तोच असतो. नवाकोरा कन्सोल लागत नाही. जुना पीएस फोर (प्लेस्टेशन ४) पुरतो आणि गेमही एक-दोन वर्षं जुना चालतो. नव्या आवृत्तीत संघ आणि खेळाडू बदलतात, ऑफसाइड तेच राहतं. वापरलेला कन्सोल घेताना दुकानातच तो चालू करून अर्धा तास सामना खेळा. पंखा विमानासारखा वाजायला लागला तर आत धूळ आहे किंवा उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकली आहे. एचडीएमआयची खाच हलवून बघा, ती सैल असेल तर चित्र मधूनमधून जाईल. डिस्क तीन-चार वेळा घालून काढा. आधीच्या मालकाचं खातं त्यातून काढलंय ना, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. एक्सबॉक्स सिरीज एस स्वस्त आणि लहान आहे, पण त्याला डिस्कची खाच नाही. गेम ऑनलाइनच विकत घ्यावा लागतो आणि तो खात्याला बांधलेला राहतो, त्यामुळे पुढे कुणाला देता येत नाही.

टीव्ही ४३ इंची पुरे. त्यात गेम मोड चालू करणं सर्वांत महत्त्वाचं. तो बंद असेल तर टीव्ही चित्र सुधारण्यात वेळ घालवतो, बटण दाबल्यावर पास उशिरा सुटतो, आणि सगळे कंट्रोलर खराब झाला म्हणून त्याच्यावर चिडतात. प्रोजेक्टरमध्ये हा उशीर बहुधा जास्तच असतो, तो टाळा. खुर्च्या सहा ते आठ फुटांवर मांडा आणि तिथे खूण करून ठेवा, नाहीतर लहान मुलं सरकत सरकत पडद्याला चिकटतात.

कंट्रोलर सर्वांत आधी बिघडतात. खेळाडू आपोआप एका बाजूला चालायला लागला की कंट्रोलरवर अंगठ्याने फिरवायच्या काडीच्या आतली पट्टी झिजली आहे किंवा तिथे धूळ आणि घाम गेला आहे असं समजा. आधी हवेच्या फुंकरीने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करून बघा. जमलं नाही तर दुरुस्तीवाला आतला भाग बदलून डाग देतो, नवा कंट्रोलर घ्यायची गरज नाही. वेफर्स, वडापाव खोलीच्या बाहेर. तेलकट बोटांनी रबर गुळगुळीत होतं आणि बटणं चिकटतात.

आपल्याकडच्या दमट हवेची काळजी वेगळी घ्यायला लागते. ओल आलेल्या भिंतीला कन्सोल लावू नका, चारही बाजूंनी वीतभर हवा मोकळी ठेवा. खेळताना तो कपाटात असता कामा नये. पावसाळ्यात दोन-तीन दिवस कुणी खेळलं नाही तरी अर्धा तास चालू करा, आतली ओल जाते. विजेची ये-जा असते, म्हणून छोटा यूपीएस घ्या. त्यावर तास काढायचा नसतो, सेव्ह करून नीट बंद करायला लागणारी मिनिटं मिळाली की पुरे. सेव्हची खूण फिरत असताना वीज गेली तर डेटा खराब होतो. टीव्ही आणि कन्सोल मिळून साधारण ३०० वॉट धरा. रोज तीन तास म्हणजे दिवसाला युनिटपेक्षा थोडं कमी, महिन्याला २७ युनिट.

पैशांबाबत तीन गोष्टी समितीने लेखी ठराव करून ठरवाव्यात. पहिली, खेळायला तासाचे पैसे घेऊ नयेत. हे गेम घरगुती वापरासाठी विकले जातात, व्यावसायिक वापर त्या परवान्यात बसत नाही. दुसरी, पैज नाही, एका रुपयाचीही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला, त्यात पैशांच्या ऑनलाइन गेमवर बंदी आहे आणि ईस्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या क्रीडास्पर्धांना, प्रोत्साहन आहे. आमची खोली या दुसऱ्या बाजूला राहिली पाहिजे. तिसरी आणि पालकांना सर्वांत जास्त काळजीची, पॅक. ‘अल्टिमेट टीम’ नावाच्या प्रकारात खरे पैसे देऊन बंद पाकिटं घेता येतात आणि आत कोणता खेळाडू निघेल हे नशिबावर असतं. बेल्जियममध्ये सरकारी आक्षेपानंतर ‘फिफा’ गेम बनवणाऱ्या ईए कंपनीला २०१९ च्या जानेवारीत तिथे ही पाकिटं घ्यायला लागणाऱ्या पॉइंट्सची विक्री थांबवावी लागली. यावर साधा उपाय आहे. सोसायटीच्या नावाचं एका मोठ्या माणसाचं खातं काढा, त्याला कार्ड जोडूच नका, आणि गेम अपडेट झाल्यावर वायफाय काढून टाका. अल्टिमेट टीमला इंटरनेट लागतं. एका खोलीत बसून खेळायच्या सामन्याला लागत नाही, त्याला वर्गणीही लागत नाही.

पालकांच्या बाकीच्या शंकांनाही खरं उत्तर द्यायला हवं. हा व्यायाम नाही. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि कन्सोलसमोरचं एक मिनिटही त्यात धरता येत नाही. म्हणून एका मुलाला दिवसाला एक तास, त्यातही जास्तीत जास्त दोन सामने खेळायचे आणि बाकीचे बघायचे, अशी आमची शिफारस आहे. रात्री आठनंतर खोली बंद. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फूट लांब बघायला लावा. झगमगत्या प्रकाशाने ज्यांना फिट येते अशा मुलांना बसवू नका, कन्सोलवरही हा इशारा लिहिलेला असतो. गेमचं व्यसन हा आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आलेला विकार आहे, १ जानेवारी २०२२ पासून ती यादी लागू आहे. कुणी जेवण, शाळा, झोप सोडून फक्त गेमच्या मागे लागलं असेल तर त्याच्या घरच्यांशी बोलायला हवं. मात्र ठरलेल्या वेळेला, चारचौघांत, पाळी लावून खेळणं आणि पांघरुणात मोबाईल घेऊन मध्यरात्रीपर्यंत खेळणं, या दोन गोष्टी एकच समजू नका.

गेमने बुद्धी वाढते असा दावा आम्ही करत नाही. शॉन ग्रीन आणि डॅफ्नी बॅव्हेलियर यांचं २००३ साली ‘नेचर’मध्ये आलेलं संशोधन नेहमी पुढे केलं जातं. अ‍ॅक्शन गेम खेळणाऱ्यांची नजर एकाच वेळी अधिक गोष्टी टिपते, असं त्यात दिसलं होतं. पण तो सराव गोळीबाराच्या गेमचा होता. फुटबॉल गेमला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. आमचं म्हणणं त्याहून लहान आहे: फुटबॉलचा गेम फुटबॉल वाचायला शिकवतो.

मुलींचा एक तास राखून ठेवा, हे आमचं आग्रहाचं मागणं आहे. मोकळ्या प्लॉटवर मुलींना जागा मिळत नाही, मोठी मुलं आली की त्या बाजूला होतात. खोलीत पाळीचा कागद असला की पाळी हक्काची होते. ‘फिफा १६’पासून महिलांचे राष्ट्रीय संघ गेममध्ये आहेत, सुरुवातीला ते बारा होते. मुलींना ते संघ निवडू द्या. पुढे त्यांनी मैदान मागितलं तर तेही समितीनेच सोडवायचं आहे. आजी-आजोबांनाही बोलवा. दोन बटणांची सोपी नियंत्रणं गेममध्ये असतात, त्यात गुंतागुंत जवळजवळ राहत नाही. एका हाताने किंवा कमी ताकदीने खेळणाऱ्यांसाठी खास कंट्रोलर मिळतात, एक्सबॉक्सचा २०१८ पासून आणि प्लेस्टेशनचा २०२३ पासून, पण प्लेस्टेशनचा पीएस फोरवर चालत नाही, त्याला पीएस फाइव्ह लागतो. सोसायटीत असं एखादं मूल असेल तर कन्सोल त्याप्रमाणे निवडा आणि चार कंट्रोलरमधला एक तो घ्या.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागते. या वर्षीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा: खोलीचा वापर, खर्चाची मर्यादा, वेळा, आणि पाच जणांची उपसमिती. तिच्यात दोन पालक, एक मुलगी आणि एक मुलगा असावा, म्हणजे नियम मुलांना आपले वाटतील. पाचवा सदस्य किल्ली आणि कंट्रोलर सांभाळणारा. रोज संध्याकाळी कंट्रोलर मोजून घेणं आणि चार्जिंगला लावणं हे काम त्याचं, आणि ते ठरलेल्या एकाच माणसाकडे असू द्या. अनेकांवर सोपवलं की दुसऱ्या महिन्यात एखादा कंट्रोलर कुठे गेला ते कुणाला सांगता येत नाही.

सेटिंग लावून द्यायला आणि पहिला शिकवणीचा तास घ्यायला आम्ही विनामूल्य येऊ.

आपले,
नवी मुंबईतील फुटबॉल शिकवणारे आणि फुटबॉल गेम खेळणारे रहिवासी